नदीचा पसारा

लेक टाहोच्या दक्षिण काठाला टेलर क्रीक नावाचा ओढा येऊन मिळतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले माझे मामा साताऱ्याहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात आले होते, तेव्हा तो प्रचंड निळा तलाव दाखवायला म्हणून आम्ही त्यांना तिकडे नेले. पण तलावापेक्षा त्यांचा जीव रमला तो या ओढ्यावर आडव्या पडलेल्या काटक्या-चिखलाच्या बांधात. हा बीव्हर नावाच्या प्राण्याने घातलेला बांध आहे असे सांगितल्यावर ते काठावर उकिडवे बसले आणि ज्या खात्यात हयात गेली त्या खात्याच्या सवयीने त्यांनी तपासणी सुरू केली. “ह्याला सांडवा कुठाय?” हा पहिला प्रश्न. “आणि गळतोय की सगळ्या अंगानं,” ही दुसरी हरकत. मग मागच्या पाण्यात उभ्या असलेल्या वठलेल्या झाडांकडे, कुजक्या लाकडांकडे आणि पाण्यावर पसरलेल्या शेवाळाकडे बोट दाखवून ते म्हणाले, “इथली माणसं एवढी टापटिपीची, मग हे कुणी साफ कसं करत नाही गं?”

तिन्ही प्रश्न जाणत्या माणसाचे होते, आणि बीव्हरविषयी समजून घेण्यासारखे जे आहे ते बहुतेक सगळे या तीन प्रश्नांच्या उत्तरांत येते. सांडव्याचे आणि गळतीचे उत्तर सोपे आहे. साफसफाईच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मात्र तीनशे वर्षे मागे जावे लागते.

बांध जवळून पाहिला तर त्याच्या दोन्ही बाजू वेगळ्या दिसतात. वरच्या अंगाला, म्हणजे पाणी अडते त्या बाजूला, चिखल, दगडगोटे आणि पाणवनस्पती थापून लिंपण केलेले असते. खालच्या अंगाला नुसत्या फांद्यांचा गुंता असतो आणि त्यातल्या कित्येक फांद्या साल सोलल्यामुळे हाडासारख्या पांढऱ्या असतात. आतली कोवळी साल हे बीव्हरचे अन्न आहे. म्हणजे आधी जेवण होते आणि उरलेले लाकूड बांधाला लागते. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर बोट फिरवले की पटाशीने ओढल्यासारख्या खाचा हाताला लागतात. बीव्हरचे पुढचे दात नारिंगी असतात, कारण त्यांच्या वरच्या थरात लोह असते. हा पुढचा थर कठीण आणि मागचा मऊ असल्यामुळे दात झिजताना आपोआप धार धरतात, आणि ते जन्मभर वाढत राहतात. शेपटीने तो चिखल थापतो ही लोकप्रिय गोष्ट खोटी आहे. चिखल तो पुढच्या पंजांत धरून छातीशी कवटाळून आणतो. शेपटी उपयोगी पडते ती पाण्यावर आपटून घरच्यांना सावध करायला, आधाराला आणि हिवाळ्यासाठी चरबी साठवायला.

वीस-पंचवीस किलोंचा हा कृंतक, म्हणजे आपल्या उंदीर-खारींच्या गोत्यातला प्राणी, जमिनीवर संथ आणि बेढब असतो. लांडगा, अस्वल, पहाडी सिंह यांच्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. पाण्यात मात्र तो पंधरा मिनिटांपर्यंत बुडून राहू शकतो, डोळ्यांवर पारदर्शक पापणी ओढून घेतो आणि ओठ दातांच्या मागे मिटत असल्यामुळे तोंडात पाणी न जाऊ देता पाण्याखाली लाकूड कुरतडू शकतो. त्यामुळे जिथे खोल पाणी नाही तिथे तो ते करून घेतो. घराचे दार पाण्याखाली, हिवाळ्याची बेगमी घराशेजारी पाण्यातच रोवलेली, आणि लांबच्या झाडांपर्यंत पोचायला खणलेले अरुंद चर, ज्यांतून फांद्या तरंगत आणता येतात. स्वीडिश प्राणिवर्तनतज्ज्ञ लार्स विल्सन यांनी पाळीव बीव्हरांना ध्वनिक्षेपकावरून वाहत्या पाण्याचा आवाज ऐकवला, तेव्हा त्यांनी पाणी नसतानाही त्या ध्वनिक्षेपकावर काटक्या आणि चिखल रचला. खळखळ ऐकू आली की ती बुजवायची, एवढा तो हिशेब आहे. पाणथळ जागा निर्माण करण्याचा कोणताही उदात्त हेतू त्यामागे नाही, आणि त्याच्यावर तो लादण्याचीही गरज नाही.

आता सांडवा आणि गळती. माणसाच्या धरणाला गळती हा दोष आहे, कारण आपल्याला पाणी एका जागी साठवून एका दाराने सोडायचे असते. बीव्हरचा बांध सबंध लांबीभर झिरपतो आणि पूर आला की सबंध लांबीवरून ओसंडतो. पाण्याचा जोर एका जागी एकवटत नाही. तरीही मोठ्या पुरात तो फुटतोच. फुटला की बीव्हर त्याच रात्री दुरुस्तीला लागतो, आणि हे वर्षानुवर्षे चालते. मामांना हे लगेच पटले, कारण रेतीच्या गोण्या रचून घातलेला वनराई बंधाराही पावसाळ्यात वाहून जातो आणि ऑक्टोबरात गावाने पुन्हा हात लावला तरच उभा राहतो. टिकतो तो बांध नव्हे, तर त्याची डागडुजी, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. बीव्हरची डागडुजी करणारी मंडळी म्हणजे एक कुटुंब: आईबाप, या वर्षीची पिल्ले आणि गेल्या वर्षीची. दोन वर्षांचे झालेले पोर घर सोडून दुसरा ओढा शोधते, आणि असे करत करत एकाच ओढ्यावर बांधांची रांग तयार होते.

या रांगेचा परिणाम मोजलेला आहे. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात २०११ साली कुंपण घातलेल्या एका जागेत बीव्हरची एक जोडी सोडली गेली. ओढा अगदी लहान, उडी मारून ओलांडता येईल असा. सुमारे १८० मीटरच्या टप्प्यात त्यांनी तेरा बांध घातले. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे तिथले पाणी, गाळ आणि क्षार मोजले तेव्हा दिसले, की पुराचा लोंढा खाली पोचेपर्यंत बसलेला असतो आणि तळ्यांमध्ये शंभर टनांहून अधिक गाळ धरून ठेवलेला आहे; त्यातला बराचसा गाळ वरच्या शेतांमधून वाहून आलेली माती होती. आपल्या तलावात गाळ साचला की तलाव निकामी झाला असे आपण म्हणतो. इथे गाळ साचणे हाच कामाचा भाग आहे. अडलेले पाणी दोन्ही काठांत मुरते, भूजल वर येते, आणि पावसाळी आठवड्यातले पाणी उन्हाळ्यात हळूहळू ओढ्याला परत मिळत राहते.

पाणी उथळ पसरले की त्या पाठोपाठ बाकीचे येतात. विलोची झाडे आणि लव्हाळी ओल्या काठावर पसरतात. विलोचे तर असे आहे, की बीव्हरने तोडले तरी ते खोडापासून पुन्हा फुटते आणि ओल्या मातीत पडलेली फांदीही मूळ धरते. खाणारा आणि खाल्ले जाणारे यांचा हा फार जुना व्यवहार आहे. ज्या बेडकांना वाहत्या पाण्यात अंडी घालता येत नाहीत, त्यांना ही स्थिर, उबदार पाण्याची किनार मिळते. चतुर, पाणकिडे, त्यांच्यावर जगणारे मासे, माशांवर जगणारे बगळे आणि पाणमांजरे, असे एकामागून एक दाखल होतात. तळाच्या चिखलात प्राणवायू कमी असल्यामुळे तिथले जीवाणू शेतांतून आलेल्या नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात, म्हणजे खतांनी बिघडलेले पाणी थोडेफार निवळून पुढे जाते. पाण्यात बुडून वठलेल्या ज्या झाडांवर मामांनी बोट ठेवले होते, त्यांच्यात सुतारपक्षी ढोल्या करतात, आणि त्या ढोल्यांत पुढे काही जातींची बदके अंडी घालतात. आसपासचे अन्न संपले की बीव्हर निघून जातो, बांध ढासळतो, तळे रिकामे होते आणि गाळाने भरलेल्या त्या सपाट, काळ्याभोर जमिनीवर गवताचे कुरण येते. पर्वतांतल्या कित्येक सुंदर कुरणांचा पाया असा बीव्हरने घातलेला आहे.

तर, हे कुणी साफ का करत नाही? खरे म्हणजे एकदा केले होते, आणि फार कसोशीने केले होते. बीव्हरच्या अंगावरच्या बारीक, काटेरी लवेपासून उत्तम नमदा होतो, आणि युरोपात त्या नमद्याच्या टोप्यांची दोन-तीन शतके चलती होती. युरोपातले बीव्हर संपत आले तेव्हा व्यापारी अमेरिकेकडे वळले. १६७० साली सनद मिळालेल्या हडसन्स बे कंपनीच्या व्यापारात बीव्हरचे कातडे हेच चलन होते. किटली असो वा बंदूक, किंमत कातड्यांत सांगितली जाई. १८२० च्या दशकात तर या कंपनीने स्नेक नदीच्या खोऱ्यात मुद्दाम एकही बीव्हर शिल्लक न ठेवण्याचे धोरण आखले, का, तर त्या भागात अमेरिकन शिकाऱ्यांना यायला कारणच उरू नये. युरोपीय लोक येण्याआधी उत्तर अमेरिकेत बीव्हर किती होते याचे अंदाज सहा कोटींपासून चाळीस कोटींपर्यंत जातात. १९०० च्या सुमारास ते लाखभर उरले होते. युरोप-आशियातली दुसरी जात तर सुमारे बाराशेवर आली होती. टोपीची फॅशन बदलून रेशमी टोप्या आल्या म्हणून उरलेले वाचले, असे म्हणण्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नाही.

प्राणी गेला आणि डागडुजी थांबली. बांध फुटले, पाणी एका धारेत एकवटले, आणि त्या धारेने मऊ गाळ कापत स्वतःसाठी खोल चर पाडला. ओढा खाली गेला तसे भूजलही खाली गेले, कुरण कोरडे पडले आणि विलोच्या जागी कोरड्या माळावरची झुडपे आली. अमेरिकेच्या पूर्व भागात हेच जरा वेगळ्या रीतीने घडले. रॉबर्ट वॉल्टर आणि डोरोथी मेरिट्स या भूवैज्ञानिकांनी २००८ साली दाखवून दिले, की तिथले उंच काठांमधून वळणे घेत जाणारे जे ओढे नमुनेदार नैसर्गिक ओढे मानले जातात, ते प्रत्यक्षात पाणचक्क्यांच्या बंधाऱ्यांमागे साचलेल्या गाळातून कापले गेलेले आहेत. १८४० पर्यंत अशा पाणचक्क्या ६५,००० हून अधिक झाल्या होत्या. त्या गाळाखाली जे सापडते ते जुन्या दलदलीचे काळे थर आणि अनेक उथळ प्रवाहांच्या खुणा. नदी दुरुस्त करायची म्हणून अभियंते ज्या चित्राप्रमाणे ओढे खोदत होते, ते चित्रच मोडतोड झाल्यानंतरचे होते.

मला या सगळ्यात खिळवून ठेवते ते हेच. एक स्वच्छ धार, दोन ठळक काठ, तळाशी दिसणारे गोटे, असे नदीचे रूप आपल्याला सुंदर वाटते, आणि ज्याला वाईच्या घाटावर कृष्णेत पाय सोडून बसायची सवय आहे त्याला तर ते वाटणारच. घाटाचे सौंदर्य खरे आहे आणि ते माणसाने घडवलेले आहे, याबद्दल तक्रार नाही. पण जिथे घाट नाही तिथेही आपण हीच कसोटी घेऊन जातो, आणि नदीकाठ सुशोभीकरणाच्या आराखड्यांत दलदल, पाणगवत आणि पडलेली झाडे ही हटवायच्या वस्तूंच्या यादीत जातात. नदीला तिचा पसारा मांडायला जागा लागते, हे वाक्य निविदेत लिहिता येत नाही, ही अडचण मला मामांच्या धंद्यामुळे थोडीफार कळते.

कॅलिफोर्नियात ही विस्मृती कागदोपत्री झाली होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तज्ज्ञांनी असे मत नोंदवले, की सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या उंच भागात बीव्हर मूळचा नाहीच. आणि मग दिसेल तो बीव्हर उपरा ठरत गेला. १९८८ साली प्लुमास परगण्यातल्या रेड क्लोव्हर क्रीकच्या कापलेल्या काठात जुन्या बांधाचे अवशेष उघडे पडले होते. पुढे त्यांतल्या लाकडाचे किरणोत्सारी कार्बन पद्धतीने वय काढले तेव्हा सर्वांत जुना तुकडा इसवी सन ५८० च्या सुमाराचा निघाला, दुसरा १७३० च्या आसपासचा आणि तिसरा १८५० च्या. हर्षवर्धन जन्मायच्या सुमारास घातलेल्या बांधाच्या जागी साडेअकरा शतकांनी पुन्हा काम झाले होते, आणि सोन्याच्या शोधात माणसांचे लोंढे आले त्या सुमारास ते कायमचे थांबले. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले.

मधल्या काळात बीव्हरला परत नेण्याचे प्रयत्नही झाले, आणि त्यांतला आयडाहो राज्याचा प्रयत्न सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४८ साली तिथल्या वन्यजीव खात्याला वस्तीजवळचे बीव्हर उचलून दुर्गम डोंगरात न्यायचे होते. खेचरांवर लादलेले बीव्हर उन्हाने हैराण होत आणि खेचरे बिथरत. खात्यातल्या एल्मो हीटर यांनी महायुद्धातून उरलेल्या हवाई छत्र्या वापरायचे ठरवले आणि जमिनीवर टेकताच उघडणाऱ्या लाकडी पेट्या तयार केल्या. चाचणीसाठी जेरोनिमो नावाच्या एका वयस्क नराला पुन्हापुन्हा विमानातून खाली टाकण्यात आले. शेवटी तो बिचारा माणसे जवळ आली की आपण होऊन पेटीत जाऊन बसू लागला. पुढे ७६ बीव्हर असे आकाशातून उतरवले गेले, त्यांतला एक दगावला. जेरोनिमोला पहिल्या खेपेत तीन तरुण माद्यांबरोबर पाठवण्यात आले, ही भरपाई म्हणायची.

त्याच आयडाहोत २०१८ साली शार्प्स नावाचा वणवा भडकला, तेव्हा बॉ क्रीकच्या काळ्या ठिक्कर पडलेल्या डोंगरांमधून बीव्हरने भिजवलेला हिरवा पट्टा तसाच राहिला. एमिली फेअरफॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०२० साली पश्चिमेकडच्या पाच मोठ्या वणव्यांच्या उपग्रहचित्रांवरून हिशेब मांडला: जिथे बीव्हर नव्हते त्या ओढ्यांकाठची हिरवाई बीव्हर असलेल्या ओढ्यांच्या तिपटीहून अधिक घटली होती. ओले लाकूड पेटत नाही, एवढेच हे तत्त्व आहे. ते आपल्याकडे चूल पेटवणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. पण ज्या कॅलिफोर्नियात २०२१ चा डिक्सी वणवा एकटाच साडेनऊ लाख एकरांहून अधिक प्रदेश खाऊन गेला, तिथे ते नव्याने मोलाचे ठरले आहे.

बीव्हरला नुसता सोडला की झाले, असे मात्र नाही. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ साली लांडगे परत आणले. एल्क हरणांचा उपद्रव आटोक्यात आला की विलो वाढेल, अशी गोष्ट सर्वत्र सांगितली गेली. उत्तरेकडच्या कित्येक ओढ्यांवर विलो वाढलेच नाही, कारण ओढे खोल गेले होते आणि मुळांना पाणी पोचत नव्हते. बीव्हरला यायला विलो हवे आणि विलोला वाढायला बीव्हरचे पाणी हवे, असा तो पेच होता. ओरेगनच्या ब्रिज क्रीकमध्ये संशोधकांनी हा पेच माणसाच्या हाताने सोडवला. ओढ्यात लाकडी खुंट ठोकून त्यांत विलोच्या फांद्या विणल्या, आणि स्थानिक बीव्हरांनी ते अर्धवट बांध ताब्यात घेऊन पुरे केले. बांधांमुळे माशांची वाट अडेल ही भीती तिथे खोटी ठरली. समुद्रातून परतणाऱ्या स्टीलहेड माशांची पिल्ले वाढली आणि त्यांचे येणे-जाणेही चालू राहिले.

आणि हाच प्राणी भलत्या ठिकाणी काय करतो, तेही जगाने पाहिले आहे. कातड्यांचा धंदा उभा करायच्या इराद्याने अर्जेंटिनाने १९४६ साली काही कॅनेडियन बीव्हर दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या टिएरा डेल फुएगो बेटावर सोडले. धंदा उभा राहिला नाही. बीव्हर मात्र लाखाच्या घरात गेले आणि खाडी पोहून चिलीतही पसरले. तिथली दक्षिणी बीच नावाच्या झाडांची जंगले बीव्हरच्या दातांखाली कधी वाढलेली नव्हती. ती विलोसारखी खोडापासून फुटत नाहीत आणि पाण्यात उभी राहिली की मरतात. त्यातून तिथे बीव्हरला खाणारेही कुणी नाही. इकडे उत्तर ध्रुवाच्या बाजूला, हवा उबदार होऊ लागल्यावर, बीव्हर अलास्काच्या टुंड्रात शिरले आहेत आणि त्यांच्या तळ्यांखालची कायम गोठलेली जमीन वितळू लागली आहे. तेव्हा कुणी उत्साही माणूस आपल्या माणदेशात बीव्हर आणायची सूचना करील तर त्याला वेळीच आवरावे. भारतात हा प्राणी नाही, आणि जे नाते विलोशी आहे ते बाभळीशी असेल असे समजायला काही आधार नाही.

आमच्या घरापासून मार्टिनेझ हे गाव फार लांब नाही. तिथे २००७ साली रेल्वे स्थानकाशेजारी, भर बाजारपेठेतल्या अल्हाम्ब्रा क्रीकवर बीव्हरनी बांध घातला. दुकानांत पाणी शिरेल म्हणून नगर प्रशासनाने त्यांना हटवायचे ठरवले, आणि नागरिकांनी सभेला गर्दी करून ते हाणून पाडले. तोडगा निघाला तो एका नळाचा. बांधाच्या आरपार एक जाड नळ घालतात. त्याचे वरचे तोंड बांधापासून दूर, तळ्याच्या खोल भागात, गोल जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. नळाच्या उंचीपेक्षा पाणी वर चढत नाही, आणि पाणी शांतपणे आत ओढले जात असल्यामुळे बीव्हरला गळती कुठे आहे ते सापडत नाही. विल्सन यांच्या ध्वनिक्षेपकाचाच हा उलटा प्रयोग. मामांना मी याची आकृती काढून दाखवली तेव्हा त्यांनी नळाचा व्यास विचारला आणि जाळी दरवर्षी साफ कोण करणार, असेही विचारले.

कॅलिफोर्निया राज्याने २०२३ साली बीव्हरबाबतचे धोरण बदलले. नुकसानीच्या तक्रारीवर मारण्याचा परवाना देण्याआधी आता असे उपाय करून पाहावे लागतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात माउंटन मैदू या मूळनिवासी लोकांना २०१९ मध्ये परत मिळालेल्या तास्मम कोयोम या खोऱ्यात सात बीव्हरांचे एक कुटुंब सोडण्यात आले. राज्याने असे बीव्हर सोडल्याला पाऊणशे वर्षे झाली होती. रेड क्लोव्हर क्रीक ज्या प्लुमास परगण्यात आहे, त्याच परगण्यातले हे खोरे. तिथे आता सुमारे शंभर मीटर लांबीचा बांध उभा आहे. दुसरीकडे अमेरिकेच्या केंद्र सरकारचे वन्यजीव नियंत्रण खाते वर्षाला वीस हजारांहून अधिक बीव्हर आजही मारते, आणि त्यामागच्या नेहमीच्या तक्रारींतली एक म्हणजे रस्त्याखालची मोरी तुंबली. मोरी म्हणजे बीव्हरच्या दृष्टीने आयता बांध, ज्यात एकच भोक बुजवायचे राहिले आहे. तिच्या तोंडाशी जाळी बसवणे आणि ती वर्षातून एकदा साफ करणे हे काम कुणाच्या तरी वार्षिक अंदाजपत्रकात बसवावे लागते. पुष्कळ रस्ते खात्यांना अजून दर वर्षी सापळेवाला बोलावणेच सोयीचे वाटते.